दोन स्वस्त मोबाइल आणि एका घराचा हिशेब

शाळेच्या वार्षिक अंकांत मोबाइलची चर्चा पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. ज्या वस्तूपायीं आम्ही शिक्षक वर्षभर मुलांचे कान उपटतों, तिचीच भलावण करावयास आतां हे बसले, असें कोणी म्हणेल. परंतु २०२४ सालच्या डिसेंबराच्या आरंभीं, कापसाची वेचणी ऐन भरांत असतांना, एकाच आठवड्यांत दोन पालक आमच्याकडे आले, आणि दोघांनींही एकच प्रश्न केला. दोघांच्याही हातीं मुलांनीं लिहून दिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर दोन नांवें होतीं : एक सॅमसंग कंपनीचा ‘गॅलेक्सी एम०५’ आणि दुसरा शाओमी कंपनीचा ‘रेडमी ए४ ५जी’. “सर, ह्यातला कोनता घेऊ, सांगा न जी,” एवढेंच त्यांचें म्हणणें.

पहिल्या पालकांस आम्हीं उभ्याउभ्याच उत्तर दिलें : “महाग तो घ्या, अधिक टिकेल.” त्यांनीं तो घेतला, पण वरचे पांचशे रुपये त्यांनीं शेजाऱ्यांकडून उसने आणले, हें मागाहून आमच्या कानावर आलें आणि आमचें आम्हांसच वाईट वाटलें. ज्याचा पैसा त्याला विचार करावयास उसंत हवी, आणि ज्याचा सल्ला त्यानें तर आधीं बसून हिशेब केला पाहिजे. म्हणून दुसऱ्या पालकांस आम्ही म्हणालों, “चार दिवस थांबा, पाहून सांगतों.” त्या चार दिवसांत जें पाहिलें, आणि पुढें वर्षभरांत जें शिकलों, तें येथें सर्वच पालकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ह्या प्रश्नाचें वजन पाहूं. सेलूकडील खेड्यांत वस्तूचें मोल रुपयांत सांगितलें तर तें कानावरून जातें. कापसांत सांगितलें म्हणजे मनांत उतरतें. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सरकारनें लांब धाग्याच्या कापसास क्विंटलामागें ७,५२१ रुपये अशी किमान आधारभूत किंमत ठरविली होती. गॅलेक्सी एम०५ हा सप्टेंबर २०२४ मध्यें ७,९९९ रुपयांस बाजारांत आला. रेडमी ए४ ५जी हा त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ८,४९९ रुपयांपासून पुढें मिळूं लागला. ह्या आरंभींच्या किंमती होत. पुढें दुकानागणिक व सणागणिक त्या वरखालीं होतात. तथापि आपण ह्याच धरूं. म्हणजे पहिल्या फोनसाठीं सुमारें एक क्विंटल सहा किलो आणि दुसऱ्यासाठीं सुमारें एक क्विंटल तेरा किलो कापूस बाजारांत गेला पाहिजे. तोही कोरडा, आणि पुरा भाव पदरांत पडला तर. त्यांत बियाणें, खत, फवारणी आणि वेचणी ह्यांचा खर्च वजा केलेला नाहीं. जी वस्तु बोंडाबोंडानें वेचलेल्या क्विंटलभर कापसाच्या बदल्यांत घरांत येते, तिला जाहिरातदारांनीं खुशाल ‘स्वस्त’ म्हणावें; आपण म्हणूं नये.

आतां दोहोंची तुलना करूं. आश्चर्य असें कीं, जाहिरातींत ज्या आंकड्यांचा गाजावाजा असतो, त्यांपैकीं बहुतेकांत हे दोन्ही फोन भावाभावांसारखे आहेत. त्या किंमतींत दोहोंतही रॅम ४ जीबी आणि साठवणीची जागा ६४ जीबी. रॅम म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा, आणि साठवण म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला तर एका वेळीं एक-दोनच पदार्थ होतात. कोठी लहान असली तर सामान लवकर भरून जातें. दोन्ही कंपन्या ‘८ जीबीपर्यंत रॅम’ असें मोठ्या अक्षरांत छापतात. त्याचा अर्थ इतकाच कीं, कोठींतील थोडी जागा उसनी घेऊन ओट्यास जोडतां येते. परंतु कोठींत जाऊन भाजी चिरणें आणि ओट्यावर चिरणें ह्यांत जो फरक, तोच येथेंही आहे. उसन्या रॅमला खऱ्या रॅमची चपळाई नसते. हा आंकडा पालकांनीं वाचून सोडून द्यावा.

मागचा कॅमेरा दोहोंचाही ५० मेगापिक्सेलचा आहे. फळ्यावरील गणित किंवा मित्राच्या वहीचें पान टिपण्यास तो कोणताही पुरेसा आहे. विद्युत्‌संचय एकांत ५,००० व दुसऱ्यांत ५,१६० मिलिअँपिअर-तास. म्हणजे फरक शेंकड्यास तीनांहून थोडा अधिक. पडदा एम०५ चा ६.७ इंचांचा आणि ए४ चा ६.८८ इंचांचा, परंतु आडव्या ओळींतील ठिपके दोहोंतही ७२० च. आपल्या बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. तीं ह्यांपैकीं कोणत्याही पडद्यावर उभीं उघडलीं तर अक्षरें मुंग्यांसारखीं दिसतात. फोन आडवा धरला म्हणजे वाचावयास सोपीं जातात. पडद्याचें इंचांतील मोठेपण येथें फारसें उपयोगीं पडत नाहीं; धरण्याची रीत उपयोगीं पडते. छापील पुस्तक जवळ असेल तर, अर्थात्, तेंच वाचावें.

आणखी एका बाबतींत दोन्ही सारखे आहेत, आणि ती बाब जाहिरातींत बारीक अक्षरांत असली तरी आम्ही तिला मोठें मोल देतों. दोन्ही कंपन्यांनीं ह्या फोनांस चार वर्षें सुरक्षेच्या सुधारणा देण्याचें वचन दिलें आहे. फोनमधील कार्यप्रणालींत चोरांना शिरावयास ज्या भेगा सांपडतात, त्या बुजविण्याचें काम ह्या सुधारणांनीं होतें. ज्या फोनवर बापाचे बँकेचे निरोप येतात, त्याच्या भेगा बुजविल्या जात नसतील, तर तें दार उघडें टाकून शेतावर जाण्यासारखें आहे. मात्र ह्या चार वर्षांची मोजणी आपण फोन विकत घेतो त्या दिवसापासून होत नाहीं. तें मॉडेल बाजारांत आलें तेव्हांपासून होते. २०२४ सालीं निघालेला फोन २०२६ सालीं घेणाऱ्यास चारांतलीं सुमारें दोनच वर्षें उरतात. जुनें मॉडेल स्वस्तांत मिळतें म्हणून हुरळून जाण्यापूर्वीं दुकानदारास हा एक प्रश्न अवश्य विचारावा : “हें कोणत्या सालीं निघालें ?”

मग भेद कशांत आहे ? तो चार गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट चार्जरची. रेडमीच्या डब्यांत चार्जर मिळतो. सॅमसंगच्या डब्यांत मिळत नाहीं. गंमत अशी कीं, रेडमीसोबतचा चार्जर ३३ वॉटचा असतो आणि फोन मात्र १८ वॉटच घेतो. घागरीचें तोंड लहान असतां मोठ्या बादलीनें पाणी ओतावें तसा प्रकार. सॅमसंगचा फोन २५ वॉटपर्यंत घेऊं शकतो, परंतु तो देणारा चार्जर ज्याचा त्यानें आणावा. घरांत चांगला चार्जर आधींच असेल तर पांचशे रुपये खरोखर वांचले. नसेल तर ते वांचले असें कागदावर दिसतें एवढेंच. आणि रस्त्यावरचा पन्नास-साठ रुपयांचा चार्जर लावून आठ हजारांचा फोन धोक्यांत घालणें हें तर आंतबट्ट्याचें शहाणपण होय.

दुसरी गोष्ट अंतर्गत चिपची. रेडमींत स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ ही २०२४ सालीं निघालेली व ४ नॅनोमीटर पद्धतीनें बनविलेली चिप आहे. सॅमसंगमध्यें हेलिओ जी८५ ही २०२० सालची व १२ नॅनोमीटरची. हा नॅनोमीटरचा आंकडा जसजसा लहान, तसतसें तेंच काम साधारणतः थोड्या विजेंत व थोड्या उष्णतेंत होतें. आमच्याकडील मे महिन्याचा उन्हाळा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस यंत्र कमी तापणें म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तिसरी गोष्ट बोटाची. रेडमीच्या कडेस बोट टेकवून फोन उघडण्याची सोय आहे. सॅमसंगच्या ह्या मॉडेलांत ती नाहीं. तेथें चेहरा दाखवावा अथवा पिन घालावा. ही गोष्ट आम्हांस प्रथम किरकोळ वाटली होती. ती किरकोळ कां नाहीं, हें पुढें सांगूं.

चौथी गोष्ट ५जीची, आणि पुष्कळशी फसगत येथें होते. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं आपल्या देशांत ५जी सेवेचा प्रारंभ झाला. ती देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकींत ५जीची सारी व्यवस्था आपल्या पायांवर उभी असते; दुसरींत ती जुन्या ४जीच्या खांद्यावर उभी राहते. जिओनें पहिली पद्धत स्वीकारली. एअरटेलनें आरंभीं मोबाइलसाठीं दुसरी. रेडमी ए४ ५जी हा फोन केवळ पहिल्या पद्धतीचें ५जी ओळखतो. म्हणजे तो बाजारांत आला तेव्हां जिओच्या सिमवर त्यांत ५जी चालत होतें आणि एअरटेलच्या सिमवर तो निमूटपणें ४जी फोन होऊन राहत होता. डब्यावर ‘५जी’ हीं अक्षरें दोघांसाठींही सारख्याच ठळकपणें छापलेलीं असतात. तेव्हां आपल्या घरचें सिम कोणाचें, आपल्या गांवांत कोणाचा टॉवर बरा चालतो, आणि तें सिम ह्या फोनमध्यें कोणती सेवा देईल, हे तीन प्रश्न फोन घेण्याच्या आधींचे होत, नंतरचे नव्हत.

येथवर यंत्राचा विचार झाला. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाची बेरीज करावी, नाहीं तर पाया घालून काम अर्धवट राहतें व लोक हंसतात, असा दृष्टान्त प्रभु येशूनें दिला आहे. मोबाइलच्या बाबतींत पाया म्हणजे फोनची किंमत. भिंती म्हणजे दर महिन्याचें रिचार्ज. आमच्या अनुभवास असें आलें कीं, पालक पायाची घासाघीस दोन-दोन तास करतात आणि भिंतींचा हिशेब कोणीच करीत नाहीं.

तो करून पाहूं. जुलै २०२४ मध्यें जिओनें आपले दर वाढविले. रोज दीड जीबी डेटा देणारी २८ दिवसांची योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. महिना म्हणतांना आपण वर्षाचे बारा धरतों. परंतु २८ दिवसांच्या हिशेबानें वर्षांत तेरा रिचार्ज होतात. तेरा वेळां २९९ म्हणजे वर्षास ३,८८७ रुपये. चार वर्षांचे, दर तेच राहिले असें धरून, १५,५४८. म्हणजे जें यंत्र घेतांना आपण पांचशे रुपयांसाठीं अडून बसतों, तें चालविण्यास त्याच्या किंमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम लागते. पुनः कापसांत मोजावयाचें तर आणखी दोन क्विंटलांवर.

५जीची भिंत तर ह्याहून उंच. त्याच दरवाढीच्या वेळीं जिओनें अमर्याद ५जी हें रोज दोन जीबी किंवा अधिक डेटाच्या योजनांपुरतें ठेवलें. तशी २८ दिवसांची योजना ३४९ रुपयांची होती. तेरा वेळां ३४९ म्हणजे ४,५३७. दोन योजनांत वर्षाचा फरक ६५० रुपये, चार वर्षांचा २,६००. दोन फोनांच्या किंमतींतील फरक पांचशे, आणि महाग फोनचें महाग अंग वापरण्याचा फरक त्याच्या पांचपटींहून अधिक ! गणिताचा धडा, बँकेचा निरोप, पावसाचा अंदाज, बाजारभाव, ह्यांपैकीं एकाही कामास ५जीची गरज नाहीं. ज्या घरीं मुलांच्या वह्यांचा खर्च जपून होतो, त्या घरानें ५जीसाठीं एक रुपयाही अधिक मोजूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. फोन ५जीचा असला म्हणून रिचार्ज ५जीचें केलेंच पाहिजे असें नाहीं. ४जीवर तो सुखानें चालतो.

इतकेंच नव्हे, तर घरांत एक फोन आधींच असेल तर दुसऱ्यास निराळें सिम घेण्याचीही नड नाहीं. बाप संध्याकाळीं शेतावरून परतला म्हणजे त्याच्या फोनचें हॉटस्पॉट चालू करावें. मुलांचा फोन त्यावर तासभर चालतो. त्या तासांत दुसऱ्या दिवशींचे धडे उतरवून घ्यावे आणि पुढें डेटा नसतांना वाचावे. दोघांत मिळून दिवसाचा दीड जीबी अभ्यासास पुरून उरतो. गाण्यांस व चित्रफितींस पुरत नाहीं, आणि आमच्या मतें तो त्याचा गुणच आहे.

तेव्हां निकाल काय ? यंत्र म्हणून पाहतां, ज्या घरीं चांगला चार्जर नाहीं त्या घरीं रेडमी ए४ ५जी सरस. ज्या घरीं चार्जर आहे आणि हातांत रोकड मोजकी आहे, तेथें गॅलेक्सी एम०५ घेण्यांत कांहीं उणेपणा नाहीं. उसने किंवा हप्ते काढून महाग घेण्याइतका फरक ह्या दोहोंत मुळींच नाहीं. हें आमचें उत्तर.

परंतु ह्या उत्तरावर थांबलों असतों तर मुख्य गोष्ट राहून गेली असती. ती आम्हांस एका मुलीनें शिकविली.

नववींतील ही मुलगी मोठी व्यवस्थित. त्या दिवसांत गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्‌सॲप गटावर पाठविण्याची प्रथा पडली होती, आणि ती पाडणाऱ्यांत आम्हीही होतों. लागोपाठ तीन दिवस ती गृहपाठाविना आली. तिसऱ्या दिवशीं आम्हीं तिला सगळ्या वर्गासमोर उभें केलें आणि नको तें बोललों. तिनें खालीं पाहून एवढेंच सांगितलें, “फोन तं बाबाजवळ वावरात रायते, सर. रात्री आला का मंग दादा घेते.” वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. घरांत फोन होता. पण तिच्यापर्यंत येईतों रात्रीचे दहा वाजत, आणि तिला निजावें लागे, कारण पहांटे पाणी भरण्याचें काम तिचें.

ही एका घराची गोष्ट नव्हे. ‘प्रथम’ ह्या संस्थेनें ग्रामीण भागांत केलेली ‘असर २०२४’ ही पाहणी जानेवारी २०२५ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ९० जणांच्या घरीं स्मार्टफोन असल्याचें आढळलें. ज्यांस तो वापरतां येतो, त्यांपैकीं स्वतःचा फोन असणारे मुलगे शेंकडा ३६.२, आणि मुली २६.९. मागील आठवड्यांत अभ्यासाचें कांहीं तरी त्यावर केलें असें सांगणारीं शेंकडा ५७. समाजमाध्यमांसाठीं वापरला असें सांगणारीं ७६. ह्या चार आंकड्यांत आमचा सारा लेख आहे. यंत्र घरोघरीं पोंचलें. अभ्यासापर्यंत तें निम्म्याहून थोडें अधिक पोंचलें. आणि मुलीच्या हातापर्यंत येतांना तें वाटेंत रेंगाळलें.

म्हणून आम्ही पालकांस सांगतों : कोणता फोन घ्यावा ह्याचा विचार एक दिवस करा, तो कोणाच्या हातीं, केव्हां, किती वेळ राहील ह्याचा विचार आठ दिवस करा. घरांत मुलांसाठीं एकच फोन घ्यावयाचा असेल तर तो कोणा एकाचा नसावा, घराचा असावा. त्यास घरांत एक ठरलेली जागा असावी, कोनाडा म्हणा, फळी म्हणा. काम झालें कीं तो तेथें परत गेला पाहिजे. आणि कोनाड्याशेजारीं कागद डकवून पाळ्या लिहाव्या. न लिहिलेली पाळी ही नेहमीं बळकटाची पाळी असते.

ह्यांत आम्ही कांहीं नवें सांगत नाहीं. सेलूहून वर्ध्याच्या रस्त्यानें जाऊन पुढें सेवाग्राम गांठलें म्हणजे आश्रमांत त्या काळचा दूरध्वनि अद्याप पाहावयास मिळतो. १९३६ सालीं महात्मा गांधी त्या गांवीं राहावयास आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिन्‌लिथगो ह्यांच्या कारभारास त्यांच्याशीं सत्वर बोलतां यावें म्हणून तें यंत्र बसविलें, असें तेथें सांगतात. जेथें मोजक्याच वस्तूंनीं संसार चाले, तेथेंही यंत्रास मज्जाव नव्हता. पण त्याची जागा ठरलेली होती, आणि तें कामासाठीं होतें. आमच्या मुलांनीं सहलीस गेल्यावर त्यापुढें क्षणभर उभें राहून ह्याचा विचार करावा.

आतां ती बोटाची गोष्ट. रेडमीच्या कडेस जें बोट ओळखणारें साधन आहे, त्यांत एकाहून अधिक बोटें नोंदवितां येतात. फोन घरीं आला म्हणजे बहुधा पहिलें बोट बापाचें नोंदलें जातें, दुसरें मुलाचें, आणि तेथें काम संपतें. आमची विनंती अशी कीं, पहिल्याच दिवशीं मुलीचें बोट नोंदवावें, आणि तिच्या आईचेंही. ज्या फोनमध्यें ही सोय नाहीं, त्याचा पिन त्या दोघींस सांगावा. आपल्या बोटानें दार उघडतें हें ज्या मुलीस ठाऊक असतें, तिला दर वेळीं कोणाची मनधरणी करावी लागत नाहीं. पैशांच्या देवघेवीचीं ॲप्स मात्र बापाच्याच फोनवर ठेवावीं आणि त्यांचा पिन मुलांपैकीं कोणासही देऊं नये. त्यांत मुलगा-मुलगी असा भेद नाहीं.

कांहीं वडील मंडळी म्हणतात कीं, दहावी होईतों मुलांच्या हातीं फोन देऊंच नये. त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतों. रात्र रात्र जागून वर्गांत पेंगणारीं मुलें आम्ही रोज पाहतों. परंतु दहांपैकीं नऊ घरांत फोन आलेलाच आहे. मनाई केली तर ती बहुधा मुलीपुरतीच लागू होते, आणि मुलगा मित्राच्या फोनवर पाहून घेतो. जी मनाई दोघांस सारखी लागू करण्याचें धैर्य घरांत नसेल, तिच्यापेक्षां दोघांस सारखी असलेली पाळी बरी. रात्रीं नऊनंतर फोन कोनाड्यांत, हा नियम घरांतील सर्वांनीं, बापानें सुद्धां, पाळला तर मनाईचें काम पुष्कळसें होतें.

विद्यार्थ्यांस दोन शब्द. मुलांनो, चिठ्ठीवर फोनचें नांव लिहून बापाच्या हातीं देणें सोपें आहे. पुढच्या वेळीं त्या नांवाखालीं आणखी दोन ओळी लिहा : वर्षाचें रिचार्ज किती होईल, आणि मी तो रोज किती वेळ व कशासाठीं वापरीन. आणि ज्याची बहीण घरांत आहे त्यानें तिसरी ओळ लिहावी : तिची पाळी केव्हां.

आम्हीं आमच्याकडून एक सुधारणा केली आहे. आमचा गृहपाठ आतां शाळा सुटण्यापूर्वीं फळ्यावर लिहिला जातो व वहींत उतरविला जातो. व्हॉट्‌सॲपवर तो केवळ गैरहजर मुलांसाठीं जातो. जें फोन नसलेल्या मुलास मिळत नाहीं, तें देऊन नंतर त्याची झडती घेणें हा अन्याय होता, आणि तो आमच्या हातून घडला.

दुसरे पालक, ज्यांस आम्हीं चार दिवस थांबविलें होतें, ते त्याच मुलीचे वडील. त्यांच्या घरचा जुना चार्जर जळालेला होता आणि कापसाचे पैसे नुकतेच हातीं आले होते, म्हणून त्यांस रेडमी सुचविला. नवें सिम घेऊं नका असेंही सांगितलें. जानेवारींत ते बाजाराच्या दिवशीं भेटले. फोन कसा चालतो म्हणून विचारलें, तर त्याविषयीं ते कांहींच बोलले नाहींत. म्हणाले, “पोरीचा नंबर पहिला लिहिला जी कागदावर. पोरगं दोन दिवस रुसलं. मंग आलं ताळ्यावर.”